तासाला १०५ रुपये : मासिक पगारावरून तासाच्या दरावर नेलं जाताना

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत वायर हार्नेसच्या (गाड्यांतल्या विजेच्या तारांच्या जुडग्यांच्या) लाइनवर एक ताई ११ वर्षं कायम कामगार आहेत. पगार महिना २०,८००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००. एचआरने लाइनवरच्या बायकांना चार-चार जणींच्या गटाने बोलावून सांगितलं, की पुढच्या १ तारखेपासून मासिक पगार बंद, तासाला १०५ रुपये. 'हिशेब केला तर तुम्हाला जास्तच मिळतंय,' असंही सांगितलं. समोर एक कागद ठेवला, सही मागितली. सही करायची नसेल तर ठेकेदाराकडे नाव जाईल, असं सुपरवायझर म्हणाला. सही करावी लागेल का, आणि फंड-ग्रॅच्युइटीचं काय होईल, हे त्यांना विचारायचं आहे.

ताई, सही करू नका. आणि सही केली नाही म्हणून कामावर जाणंही थांबवू नका. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या आहेत. अपमान झाला म्हणून रागाने चार दिवस घरी बसलेल्या बायका मी कोर्टात पाहते, तेव्हा कंपनीच्या हातात 'न सांगता गैरहजर' हा कागद तयार असतो आणि मूळ विषय बाजूला पडतो. रोज वेळेवर गेटवर जा, पंच करा, काम करा.

सही का नाही, ते सांगते. पगार किती, कोणत्या मुदतीने आणि कोणत्या पद्धतीने द्यायचा, ही सेवाशर्त आहे. मालकाला ती मनात आलं म्हणून बदलता येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये तोच नियम आला आहे. ज्या कामगारांवर परिणाम होणार त्यांना बदलाची लेखी नोटीस द्यायची, आणि नोटीस दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणायचा नाही. कोणत्या बाबींना ही नोटीस लागते त्याची यादी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे आणि तिची पहिलीच ओळ पगार, त्याची मुदत आणि देण्याची पद्धत याबद्दल आहे. खाली भत्ते, कामाचे तास, पगारी रजा, शिफ्ट हेही येतं. तुमच्या बाबतीत यादीतल्या तीन-चार बाबी एकदम बदलताहेत. चौघींना केबिनमध्ये बोलावून तोंडी सांगणं म्हणजे नोटीस नव्हे.

मग तो कागद कशासाठी? नोटीस टाळून 'कामगाराने स्वखुशीने बदल मागितला' असं दाखवण्यासाठी. असे कागद मी पाहिले आहेत. वरची ओळ साधारण अशी असते : 'माझ्या वैयक्तिक अडचणीमुळे मी तासाच्या दराने काम करण्यास तयार आहे.' वैयक्तिक अडचण कोणती, ते सही करणारीलाही माहीत नसतं. तुमच्या कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. प्रत मागा. प्रत देत नसतील तर मजकूर जसाच्या तसा आठवून त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, तारीख आणि केबिनमध्ये कोण-कोण होतं यासकट.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. कंपनीत मान्यताप्राप्त युनियन असेल आणि तिने या बदलाचा करार केला असेल, तर वेगळी नोटीस लागत नाही आणि तो करार तुम्हालाही बांधतो. म्हणून पहिला फोन युनियनच्या प्रतिनिधीला करा आणि करार झाला आहे का एवढंच विचारा. झाला असेल तर त्याची प्रत वाचल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

आता '१०५ म्हणजे जास्तच' या हिशेबाकडे येऊ, कारण बहुतेक जणी इथेच गप्प होतात. तुमचे २०,८०० भागिले २६ दिवस, म्हणजे रोज ८०० रुपये. भागिले ८ तास, म्हणजे तासाला १००. एचआर १०५ देतंय. २६ दिवस पूर्ण भरले तर २१,८४० होतात, म्हणजे महिन्याला १,०४० जास्त. कागदावर हे बरोबर दिसतं. पण हा हिशेब महिन्याचा नाही, वर्षाचा करायचा असतो. आज तुम्हाला वर्षाला २,४९,६०० मिळतात, आणि त्यात सण-सुट्टी आणि पगारी रजा आतच आहे. तासावर गेल्यावर 'जेवढे तास तेवढे पैसे' असं म्हणून कंपनी सुट्टीचे पैसे देणार नसेल, तर बघा : ३६५ मधून ५२ आठवडी सुट्ट्या गेल्या, राहिले ३१३. त्यातून ८ सण-सुट्ट्या आणि साधारण १४ रजा वजा केल्या, की २९१ दिवस. त्याचे २,३२८ तास. गुणिले १०५, म्हणजे २,४४,४४०. एकही तास न बुडता, एकदाही आजारी न पडता तुम्ही ५,१६० रुपयांनी खाली आलात.

आणि तास बुडणारच आहेत. तो तुमचा दोष नाही. हार्नेसचा धंदा गाड्यांच्या कंपन्यांच्या शेड्यूलवर चालतो. शेड्यूल कमी आलं, टर्मिनल संपले, क्रिम्पिंग मशीन बिघडलं, लाइट गेली, की लाइन थांबते. आजपर्यंत त्या वेळात तुम्ही लाइनवर बसून होतात आणि पगार चालू होता. आता दुपारी 'आज माल नाही, घरी जा' म्हणतील. आठवड्याला चारच तास असे गेले असं धरा. ५० आठवड्यांचे २०० तास, म्हणजे २१,००० रुपये. तुमचा एक अख्खा पगार. दर १०५ की ११०, या घासाघिशीत अडकू नका. माल न आल्याचा, मशीन बंद पडल्याचा तोटा कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे. तो आजवर मालक सोसत होता. तासाचा दर आला की तो गुपचूप तुमच्या पदरात पडतो.

कायद्याने मात्र तो तुमच्या पदरात टाकलेला नाही. काम देता येत नसेल तर मालकाने ले-ऑफ, म्हणजे नोकरी कायम ठेवून तात्पुरती कामबंदी, द्यायचा असतो, आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांचे बेसिक-डीएच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. तुम्ही शिफ्टच्या वेळेवर हजर झालात, मस्टरवर नाव आहे आणि दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफचा धरला जातो. कामगार ३०० किंवा जास्त असतील तर ले-ऑफसाठी सरकारची आधी परवानगी लागते. वेतन संहितेचं कलम १० दुसऱ्या बाजूने आधार देतं. जिथे किमान वेतन दिवसावर ठरलेलं आहे, तिथे कामगार आलेला असताना मालकाने पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही, तरी त्या दिवसाचं वेतन पूर्ण दिवस भरल्यासारखंच मिळायला हवं. मुख्य अपवाद : कामगारानेच काम नाकारलं असेल तर. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही हेच होतं. म्हणजे तासाच्या दरावरची बाई चार तासांनी घरी पाठवली, तरी त्या दिवसाची रक्कम पूर्ण दिवसाच्या किमान वेतनाखाली येता कामा नये. मुळात अर्धवेळ म्हणूनच कोणाला ठेवलं असेल, तर महाराष्ट्राच्या किमान वेतन अधिसूचनांमध्ये तासाचा दर काढताना रोजचा दर भागिले ८ करून वर १५ टक्के वाढ द्यायची असते. लाइनवर हे सांगून बघा, बहुतेकांना ठाऊक नसतं.

ओव्हरटाइम दुपटीनेच. तासावर गेल्यावर '१०५ चा तास तो १०५ चाच, नववा असला तरी' असं सर्रास केलं जातं. ते चूक आहे. ठरलेल्या वेळेच्या वरचा तास २१० चा.

आता ग्रॅच्युइटी, कारण ११ वर्षांची पुंजी तिथे आहे. सूत्र तुम्हाला माहीत असेल : शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आजच्या १४,००० बेसिक-डीएवर ती ८८,८४६ रुपये होते. यात 'शेवटचं' हा शब्द धोक्याचा आहे. आधीची ११ वर्षं तुम्ही कोणत्याही पगारावर काढलेली असोत, हिशेब नोकरी सुटतानाच्या दराने होतो. तासाचे १०५ अखंड वेतन धरले तर रोजचे ८४० होतात आणि ग्रॅच्युइटी १,३८,६०० पर्यंत जाते, म्हणजे वाढते. कंपनीला हे कळतं. म्हणून १०५ चे तुकडे पाडले जातात : ५५ बेसिक, बाकीचे ५० घरभाडे आणि वाहतूक भत्त्याचे. मग रोजचं वेतन ४४० उरतं आणि ११ वर्षांची ग्रॅच्युइटी ७२,६०० वर येते. नव्या संहितांनी एक चाप लावला आहे. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर निम्म्यावरचा भाग वेतनातच धरायचा. पण ५५-५० ची विभागणी त्या चापातून सुटते, कारण ५५ हे १०५ च्या निम्म्याहून थोडे जास्त आहेत. म्हणून एचआरला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा : या १०५ मध्ये बेसिक किती? उत्तर लेखी घ्या.

फंडाचंही तसंच. आज १४,००० वर तुमचे १२ टक्के, म्हणजे १,६८० कापले जातात आणि तेवढंच कंपनीकडून येतं. बेसिक ५५ झालं तर पूर्ण २०८ तास भरूनही ११,४४० वरच कपात होईल. दोन्ही बाजूंनी मिळून महिन्याला ६०० च्या वर रक्कम कमी. हातात थोडे जास्त पडतात म्हणून बायका खूश होतात, आणि पासबुक बघत नाहीत. ते बघा. मोबाइलवर यूएएन (फंडाचा तुमचा कायमचा क्रमांक) टाकून दर महिन्याला बघा.

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विम्यात, गोष्ट दिवसांची आहे. आजारपणाचे पैसे, म्हणजे पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. सहामाहीत २६ आठवडे. तासावरच्या कामगाराला आठवड्याला तीनच दिवस बोलावलं, तर बरोब्बर ७८ होतात. त्यातला एक दिवस जरी बुडाला तरी सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात उपचार होतील, पण घरी बसलेल्या दिवसांचे पैसे अडतील. तुमच्या लाइनवर तरुण मुलीही असतील. बाळंतपणाची रक्कम सरासरी रोजच्या वेतनावर निघते, म्हणजे दर आणि दिवस दोन्ही घसरले की तीही घसरते.

आणि २४०. हा आकडा नाशिकच्या प्रत्येक कामगाराला पाठ आहे : वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा, आणि सलग सेवा असली की कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई. आठवड्याला चार दिवसच बोलावलं तर वर्षाचे २०८ दिवस होतात. ले-ऑफचे दिवस या २४० मध्ये मोजले जातात, पण ते मस्टरवर ले-ऑफ म्हणून लागले असतील तर. कोरे सोडले असतील तर पुढे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून 'आज माल नाही, घरी जा' म्हणतील तेव्हा निघण्याआधी विचारा, की मस्टरला काय लावताय. उत्तर मिळो न मिळो, प्रश्न चारचौघींसमोर विचारा आणि वहीत लिहा.

आता ठेकेदाराच्या धमकीबद्दल, कारण तुमच्या पत्रात भीती तिचीच जास्त दिसते. थेट कंपनीच्या मस्टरवर असलेल्या माणसाला उचलून ठेकेदाराच्या मस्टरवर टाकणं हाही सेवाशर्तीतला बदलच. फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या हमालांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हेच म्हटलं : थेट पगारावर घेतलेल्या कामगारांना नोटीस न देता पुन्हा ठेकेदाराकडे ढकलणं बेकायदा, ते कामगार महामंडळाचेच राहिले. शिवाय कारखान्याच्या मुख्य कामात ठेका कामगार लावायला नव्या संहितेत सर्वसाधारण मनाई आहे, आणि हार्नेस बनवणाऱ्या कंपनीत हार्नेस जोडणं हे मुख्य काम नसेल तर कोणतं असेल?

खरी भीती बाळगायची ती राजीनाम्याची. 'फक्त फॉर्मॅलिटी आहे, राजीनामा द्या, दुसऱ्या दिवशी नवीन नेमणूकपत्र घ्या, ग्रॅच्युइटीचा चेकही लगेच देतो.' हा चेक बघून पुष्कळ जणी फसतात. मुलांच्या फी भरायच्या असतात, घराचे हप्ते असतात, एकदम हातात आलेली रक्कम नाकारणं सोपं नसतं, हे मला कळतं. पण त्या एका सहीने ११ वर्षांची ज्येष्ठता जाते आणि तुम्ही काल आलेल्या मुलीच्या रांगेत उभ्या राहता. उद्या कपात झाली तर शेवटी आलेला आधी जातो, हा नियम आहे. तासाच्या दराविरुद्ध नंतरही भांडता येतं. स्वतः दिलेला राजीनामा मागे घेणं फार अवघड असतं.

नेमकं काय करायचं? आधी एकटीने काही करू नका. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, कायद्याचीच तशी रचना आहे. कामावरून काढलं तर एकटा कामगारही विवाद उभा करू शकतो. सेवाशर्तीच्या बदलाचा विवाद मात्र युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी मिळून उचलावा लागतो. लाइनवरच्या जितक्या जणी तयार होतील तितक्यांचं एक साधं पत्र कंपनीला द्या. मराठीत चालेल. त्यात एवढंच : अमुक तारखेला आम्हाला तोंडी सांगण्यात आलं की मासिक पगार बंद करून तासाचा दर लावणार, आम्हाला हा बदल मान्य नाही, कायद्याप्रमाणे नोटीस मिळालेली नाही, आमच्या सेवाशर्ती आहेत तशाच ठेवाव्यात. आवक विभागाचा शिक्का घेऊन पोहोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने, नोंदणीसह पाठवा. दुसरी प्रत नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्जासोबत द्या आणि समेटाची कार्यवाही मागा. एकदा समेट अधिकाऱ्यापुढे प्रकरण सुरू झालं, की त्या विषयातल्या सेवाशर्ती कार्यवाही संपेपर्यंत कामगारांच्या विरोधात बदलता येत नाहीत. कंपनीने रीतसर नोटीस लावली तर ते २१ दिवस याच कामासाठी असतात. नोटीस म्हणजे मंजुरी नव्हे, आणि २१ दिवस गप्प बसलं तर बदल अमलात येतो.

तरीही कंपनीने १ तारखेपासून तासाने पगार काढलाच, तर बँकेत आलेले पैसे परत करू नका. 'ही रक्कम हक्क राखून स्वीकारत आहोत, फरकाची मागणी कायम आहे' असं पत्र द्या. फरकाच्या पैशांसाठी वेतन संहितेत एकट्या कामगारालाही दावा करता येतो, तीन वर्षांच्या आत. वेतन दिलं हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, तुमच्यावर नाही. अधिकाऱ्याला रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. आणि या कायद्याने देय असलेली रक्कम सोडून देत असल्याचा करार कोणी लिहून घेतला असला, तरी तो रद्दबातल ठरतो. म्हणून ज्या मैत्रिणींनी घाबरून आधीच सही केली असेल त्यांना बाजूला काढू नका. त्यांनाही पत्रात घ्या, आणि सही कशी घेतली गेली ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या.

मी तासाच्या पगाराच्या सरसकट विरोधात नाही. लहान मूल असलेल्या, घरी सासू-सासऱ्यांचं आजारपण असलेल्या काही जणींना कमी तासांचं काम खरोखर हवं असतं. युनियन बोलणी करणार असेल तर या गोष्टी करारात आल्याशिवाय मान डोलावू नये : महिन्याला २०८ तासांची हमी, काम असो वा नसो, सण-सुट्टी आणि रजा पगारी, दरात बेसिक-डीएचा वाटा आजच्या १४,००० पेक्षा कमी नाही, आणि 'मूळ नेमणुकीच्या तारखेपासून सेवा अखंड' ही ओळ स्पष्ट शब्दांत. तासांची हमी द्यायला कंपनी तयार नसेल, तर १०५ चे ११५ केले तरी व्यवहार तुमच्या तोट्याचाच आहे.

हे वाचणाऱ्या सुपरवायझर मंडळींसाठी : देखरेखीचं काम करून १८,००० च्या वर वेतन असेल तर तुम्ही औद्योगिक संबंध संहितेतले 'कामगार' नाही आणि २१ दिवसांची नोटीस तुम्हाला लागू नाही. पण पदाच्या नावावर जाऊ नका, प्रत्यक्ष काम काय करता ते बघितलं जातं. वेतन संहिता तुम्हालाही लागू आहे, आणि नेमणूकपत्रातल्या अटी तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत.

ताई, या आठवड्यात एवढे कागद एका पिशवीत घाला : नेमणूकपत्र आणि कायम केल्याचं पत्र, गेल्या वर्षभराच्या पगार स्लिपा, बँक पासबुक, फंडाचं पासबुक, ईएसआय कार्ड, शेवटच्या युनियन कराराची प्रत. नेमणूकपत्र हरवलं असेल किंवा कधी दिलंच नसेल तर आत्ता लेखी मागा, प्रत्येक कर्मचाऱ्याला ते देणं आता मालकावर बंधनकारक आहे. पिशवी घरी ठेवा, लॉकरमध्ये नको. आणि पत्रावरच्या सह्या शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर घ्या. लाइन चालू असताना सह्या घेतल्या तर कामात अडथळा आणल्याचा मेमो लगेच हातात पडेल.